आईच्या खोलीतला धूर: कोथरूडमधल्या प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल

घरात दम्याचं किंवा सीओपीडीचं (फुप्फुसाचा जुनाट, श्वास कोंडणारा आजार) माणूस असेल आणि त्याची खोली धुरापासून राखायचं मनात असेल, तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. घर कोथरूडला, म्हातोबा टेकडीच्या बाजूला, जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. आईला सीओपीडी आहे. विडी-सिगारेटचा तिच्या आयुष्यात कधी संबंध आला नाही. मुळशीकडच्या घरात वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून केलेल्या स्वयंपाकाची ही देणगी. डॉक्टर म्हणाले, औषधं मी देतो, पण धुरापासून लांब ठेवणं तुमच्याच हातात आहे.

आमच्याकडे धूर तीन वाटांनी येतो. थंडीत पहाटे पेटवलेला पाचोळा आणि कचरा, फेब्रुवारीपासून टेकडीवर लागणारे वणवे, आणि तिसरा आपल्याच स्वयंपाकघरातला. सगळं घर राखणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून ठरवलं, एकच खोली, आईची, पण ती नीट करायची.

5 जानेवारी

पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजणारं छोटं मीटर आलं. किंमत 3,400 रुपये. आत लेझर असतो, हवेतल्या कणांवरून उजेड विखुरतो आणि त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणून ते नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

पहिला गोंधळ आकड्यांचा. मीटर एका घनमीटर हवेतल्या कणांचे मायक्रोग्रॅम दाखवतं आणि मोबाइलवर दिसतो तो एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. दोन्ही एक नव्हेत. आपल्याकडच्या पद्धतीत पीएम 2.5 चे 60 मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय 100, आणि 90 मायक्रोग्रॅम म्हणजे 200. शिवाय सरकारी एक्यूआय धुळीकणांसाठी 24 तासांची सरासरी धरून काढतात. सकाळी सात वाजता खिडकीखाली कुणी पाला पेटवला, तर तो तासाभराचा धूर त्या आकड्यात जेमतेम उमटतो, आईच्या छातीत मात्र लगेच उमटतो. म्हणून शहराचा कल बघायला सरकारच्या ‘समीर’ अ‍ॅपवरचं कर्वे रस्त्याचं केंद्र आणि पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ सेवा, आणि आपल्या खिडकीचा निर्णय घ्यायला हे मीटर, अशी विभागणी केली.

भारतातली 24 तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सांगितलेली 15. आईच्या खोलीसाठी आम्ही 15 ते 25 हे लक्ष्य ठेवलं.

9 जानेवारी

नुसतं मोजत राहिले. कुठलीही खरेदी करण्याआधी हे प्रत्येकाने करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

सकाळी साडेसहा ते नऊ सगळ्यात वाईट. बाल्कनीत 110 ते 140. दुपारी एक ते चार तेच 35-40 वर येतं. कारण थंडीतल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर उबदार थर बसतो. पुणं टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत आहे. मग धूर वर जात नाही, ऊन तापेपर्यंत पातेल्यावर झाकण ठेवावं तसा कोंडून राहतो.

आणि आम्ही काय करत होतो? ‘सकाळची ताजी हवा’ म्हणून सहा वाजता सगळ्या खिडक्या उघडत होतो, आणि आई त्याच वेळी फिरायला जात होती. आजपासून खिडक्या दुपारी उघडायच्या, आईचं फिरणं साडेचारला. खर्च शून्य. दोन-तीन दिवसांतच तिचा सकाळचा खोकला कमी झाल्याचं जाणवलं.

12 जानेवारी

घरातला धूर. मिरचीची फोडणी दिली की स्वयंपाकघरात 280, आणि दहा मिनिटांत आईच्या खोलीत 120. उदबत्ती लावल्यावर देवघरापाशी 400 च्या वर. मच्छर अगरबत्ती तर विचारूच नका. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. कॉइल त्याच दिवशी बंद केली आणि मच्छरदाणी लावली, 450 रुपये.

उदबत्तीचं आईशी बोलणं अवघड होतं. तिची पन्नास वर्षांची सवय, आणि पूजा हा तिच्या दिवसाचा कणा. मी मीटर तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, तूच बघ. तिने उदबत्ती लावली, आकडा चढताना बघितला, मग विझवली. म्हणाली, “अगं, देवाला फूल चालतं की.” आता फूल आणि निरांजन असतं. वातीची काजळीही मीटरवर दिसते, पण उदबत्तीच्या मानाने फार कमी.

फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट चालू, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि आईच्या खोलीचं दार बंद, हा नियम केला. पाळायला महिना लागला.

18 जानेवारी

खोलीच्या फटी. आईची खोली 10 बाय 11 फूट, उंची साडेनऊ. स्लायडिंगची अ‍ॅल्युमिनियमची खिडकी, जोडून बाथरूम.

कचऱ्याच्या काळ्या पिशवीची बोटभर रुंद पट्टी कापून काठीला बांधली आणि प्रत्येक फटीपाशी धरली. जिथे पट्टी हलते तिथून हवा येते. खिडकीच्या दोन सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे ती फडफडत होती. तिथला ब्रश झिजून टक्कल पडलं होतं. पहिल्यांदा पॅकिंगची रुंद चिकटपट्टी लावली, ती दोन रात्रींत दवाने सुटली आणि काढताना भिंतीचा रंग घेऊन आली. मग स्लायडिंगच्या कारागिराला बोलावून ब्रश बदलून घेतला. मजुरीसकट 700 रुपये, अर्ध्या तासाचं काम. दाराखाली रबरी पट्टी 180 रुपये.

19 जानेवारी

ही नोंद कृपया सोडू नका.

सगळ्यात मोठी गळती बाथरूमच्या काचेच्या झडपांतून होती. त्यावर प्लास्टिक ठोकायचं ठरलं होतं, माप घेऊन झालं होतं. पण त्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. झडपा बंद करून गॅस गीझर चालवला तर आत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. पीएम 2.5 चं मीटर तो दाखवत नाही, बारीक कण अडवणारा कुठलाही हेपा फिल्टर तो अडवत नाही.

म्हणून झडपा उघड्याच ठेवल्या. फटी बुजवल्या त्या बाथरूमच्या दाराच्या, चौकटीला फोमची पट्टी आणि खाली रबर, 220 रुपये. गीझर बाहेर हलवता आला तर उत्तम; आमचा प्लंबर मार्चमध्ये येतो म्हणाला आहे. हवा राखण्याच्या भरात कुणी गीझरची, शेगडीची किंवा जनरेटरची वाट बंद करू नये.

25 जानेवारी

फिल्टरची पेटी. 2020 मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली सोपी रचना आहे: चार बाजूंना चार फिल्टर, वर पंखा. पंखा आतली हवा वर फेकतो, खोलीतली हवा फिल्टरमधून आत ओढली जाते. तिकडे वापरतात तसा 20 इंची चौकोनी पंखा इथे सहज मिळत नाही. तपकीर गल्लीतून 12 इंची एक्झॉस्ट फॅन आणला, 1,650 रुपये. फिल्टर महाग, म्हणून आधी एकच आणला: प्युरिफायरसाठी सुटा मिळणारा, सुमारे 10 बाय 13 इंचाचा हेपा. 950 रुपये. पंख्यामागे तो टेपने बसवला.

चालला नाही. पंख्याच्या तोंडाशी धरलेला टिश्यू पेपर जेमतेम थरथरला. पंख्याच्या खोक्यावर लिहिलेला हवेचा आकडा पुढेमागे काहीच अडथळा नसतानाचा असतो. अशा पात्यांच्या पंख्याला दाट फिल्टरमधून हवा खेचण्याइतका जोर नसतो. मोटर गरम झाली तेवढीच.

1 फेब्रुवारी

उपाय म्हणजे फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवणं. चार फिल्टर असले की प्रत्येकातून हवा सावकाश जाते आणि पंख्यावरचा ताण उतरतो. आणखी तीन आणले, 2,850 रुपये. भवानी पेठेत प्लायचे तुकडे कापून घेतले: तळ, वरची फळी पंख्याच्या मापाचं गोल भोक पाडून, आणि चार उभ्या पट्ट्या. 600 रुपये. फिल्टरवर बाण असतो, तो पेटीच्या आतल्या बाजूला यायला हवा. वर पंख्याला बारीक जाळी हवीच, घरात लहान मूल असेल तर पहिली तीच लावा.

पेटी चालू करून मीटर पंख्याच्या तोंडावर धरलं. खोलीत 85, तोंडावर 31. हेपाच्या मानाने हे फार जास्त. म्हणजे हवा फिल्टर टाळून कुठूनतरी आत शिरत होती. संध्याकाळभर शोधलं. एका कोपऱ्यात प्लाय सरळ कापलेला नव्हता आणि फिल्टरच्या पुठ्ठ्याच्या चौकटीमागे काडेपेटीची काडी जाईल एवढी फट होती. साधी टेप प्लायवर धरत नाही, धुरळ्याने सुटते. पॉलिश पेपर मारून, पुसून, मग अ‍ॅल्युमिनियमची टेप लावली आणि कोपरे आतून सिलिकॉनने भरले. सुकायला एक रात्र. दुसऱ्या दिवशी तोंडावर 5.

3 फेब्रुवारी

पेटी पुरेशी आहे का हे तपासायची सोपी रीत: खोली बंद करा, आकडा टिपा, पेटी चालू करा आणि आकडा निम्मा व्हायला किती मिनिटं लागतात ते बघा. 42 ला त्या मिनिटांनी भागलं की खोलीतली हवा तासाला साधारण किती वेळा धुऊन निघते ते कळतं. पाचच्या आसपास आलं तर चांगलं.

एका फिल्टरवर निम्मं व्हायला अर्ध्या तासाच्या वर लागत होतं, म्हणजे दीडदेखील नाही. आता 112 चे 56 आठ मिनिटांत. पाचाच्या थोडं वर. आमची खोली सुमारे 30 घनमीटर, म्हणजे ताशी 150 घनमीटर स्वच्छ हवा. तयार प्युरिफायर घेणाऱ्यांनी हाच आकडा खोक्यावर सीएडीआर म्हणून बघावा. ‘आयन’, ‘ओझोन’ असं लिहिलेलं यंत्र दम्याच्या माणसासाठी घेऊ नये. ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रास देतो.

6 फेब्रुवारी

आवाज. पूर्ण वेगावर आईला झोप लागेना. टेबलफॅनसारखा हलका रेग्युलेटर जोडला तर मोटर घुमायला लागली. इलेक्ट्रिशियनने कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवला, 320 रुपये. रात्री तीनवर, पहाटे साडेपाचला पाचवर. पेटीखाली जुन्या पायपुसण्याची घडी ठेवल्यावर फरशीची थरथर थांबली.

15 फेब्रुवारी

पाचोळा. खिडकी बंद करून आपण वाचतो, पण झाडणाऱ्या मावशी त्याच धुरात उभ्या असतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “ताई, हा पाला कुणी नेत नाही. ठेवू कुठं?” खरं होतं. सोसायटीत गुलमोहर, आंबा आणि एक मोठा पर्जन्यवृक्ष, फेब्रुवारीत रोज पोतंभर पानं.

उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये बंदी घातली, साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड ठरवला. तो कागद मी सूचनाफलकावर लावला होता. काही फरक पडला नाही, कारण पानं तिथेच होती.

मग अध्यक्षकाकांना घेऊन मागच्या भिंतीपाशी जागा बघितली. 12 फूट लांब, 4 फूट उंच चेनलिंक जाळी गोल करून तारेने बांधली. पावणेचार फूट व्यासाचा पिंजरा झाला. जाळी 1,100 रुपये, सोसायटीच्या खात्यातून. पानं टाकायची, तुडवायची, पाणी मारायचं, आठवड्याला बादलीभर शेणकाला किंवा आंबट ताक. जास्तीची पानं कुणाच्या बागेला हवी असतील तर पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची गाठ घालून देतो.

27 फेब्रुवारी

पिंजरा आठवड्यात ओसंडला आणि आतली पानं कोरडी ठणठणीत. नुसतं वरून पाणी मारलं तर ते वरच्या थरावरून ओघळून जातं. थर देतानाच भिजवायला हवं. आंब्याची जाड पानं आधी पसरून त्यावरून दोन-तीनदा स्कूटर नेली, चुरा झाला की निम्म्या जागेत बसतात. दुसरा पिंजरा केला. मावशींचं काम यात वाढतं हे उघड आहे, म्हणून त्यांच्या पगारात सोसायटीने 500 रुपयांची भर घातली. माझ्या मते जाळणं थांबलं ते खरं तर यामुळे.

8 मार्च

मास्क. ओढणी, ओला रुमाल, स्कूटरवर गुंडाळतो तो स्कार्फ, यातून धूळ अडते. धुराचे बारीक कण अडत नाहीत. सर्जिकल मास्कचं कापड बरं असतं, पण गालाच्या बाजूंनी हवा शिरते. एन95 किंवा एफएफपी2 हवा, आणि डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. कानात अडकवायचे तीन प्रकार आणले, एकही आईच्या हनुवटीला बसला नाही, 390 रुपये गेले. बसला की नाही ते ओळखायची खूण: जोरात श्वास घेतला की मास्क आत ओढला जायला हवा, आणि श्वास सोडताना चश्म्यावर वाफ यायला नको.

सीओपीडीत मास्कमुळे श्वास जड वाटू शकतो. डॉक्टरांना विचारून, बसल्या जागी दहा मिनिटं घालून बघितला आणि मग दवाखान्यात जाण्यापुरता ठेवला.

त्याच भेटीत डॉक्टरांकडून एक कागद लिहून घेतला, तो आता कपाटाच्या दारावर चिकटवला आहे: रोजचा इनहेलर स्पेसरमधून (इनहेलरला जोडायची नळी), बरं वाटलं तरी थांबवायचा नाही, त्रास झाला तर कोणता, किती वेळा, आणि एक वाक्य बोलताना दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा गुंगी येत असेल तर वाट न बघता दवाखाना.

13 मार्च, होळी

सोसायटीची होळी लहान केली आणि आईच्या खिडकीच्या उलट बाजूला. तरीही रात्री नऊला बाल्कनीत 310. खोलीत 28. पुरणपोळीचं ताट तिला खोलीतच दिलं, नातवंडं तिथेच जेवायला बसली. दार दर दोन मिनिटांनी उघडत होतं, नाहीतर 20 च्या खाली राहिलं असतं.

22 मार्च

टेकडीवर वणवा. रात्री पावणेअकराला वास आला, गच्चीवर गेलो तर वरच्या अंगाला केशरी रेघ सरकत होती. वाळलेलं कुसळी गवत, त्यात वारा. 101 ला फोन केला, वनखात्याच्या 1926 वरही. बंब टेकडीवर चढत नाही. जवान आणि टेकडीवर नेहमी जाणारी पोरं हिरव्या फांद्यांनी झोडपत होती.

रात्री उतारावरची गार हवा खाली वाहते आणि धूर सोबत आणते. साडेअकराला बाल्कनीत 480, हॉलमध्ये 210, आईच्या खोलीत 34. हॉलच्या दाराखाली ओला टॉवेल लावला. पेटी पाचवर.

पावणेबाराला वीज गेली.

यासाठी तयारी नव्हती. इन्व्हर्टर दिवे आणि छताच्या पंख्यांवर होता, पेटीचा सॉकेट त्याच्यावर नव्हता. एक्स्टेंशन शोधून हॉलमधल्या इन्व्हर्टरच्या सॉकेटपर्यंत ओढेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली आणि खोलीतला आकडा 90 वर. पुढच्या वीस मिनिटांत तो पुन्हा 30 च्या खाली आला. आई उठून बसली होती, पण बोलताना दम लागत नव्हता. ती अंधारात म्हणाली, “आमच्याकडे पण लावायचे वणवा, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून. आमच्या आबांना पटायचं नाही. पाखरांची अंडी जळतात म्हणायचे.” राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे तिला आज माझ्याकडून कळलं. अंड्यांचं मला तिच्याकडून.

23 मार्च

बाल्कनीत राखेचा थर. कोरड्या केरसुणीने झाडलं की सगळं पुन्हा हवेत जातं, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसलं. दुपारी दोनला बाहेर 45 झाल्यावर सगळ्या खिडक्या उघडून घर मोकळं केलं. जळका वास मात्र पेटीने गेला नाही. हेपा कण अडवतो, वायू आणि वास नाही. त्याला कोळशाचा थर लागतो. पेटीचा सॉकेट इन्व्हर्टरवर घेतला, 650 रुपये.

12 एप्रिल

फिल्टर उघडून बघितले. पांढरे होते ते राखाडी झालेत, खिडकीकडचा सगळ्यात काळा. आठवड्याला बाहेरच्या बाजूने मऊ ब्रश फिरवते. पाण्याने धुवायचे नाहीत, कागद फुगून निकामी होतो. निम्मं होण्याचा वेळ आठवरून साडेनऊ मिनिटांवर गेलाय. अकरा झाला की बदलणार.

खर्चाचा हिशोब: पेटी 6,700 च्या आसपास, टेप-सिलिकॉन धरून. मीटर 3,400. खिडकी आणि दारं 1,100. मच्छरदाणी, मास्क, रेग्युलेटर आणि सॉकेट मिळून सुमारे 1,800. एवढ्याच पैशात लहान तयार प्युरिफायर येतो, आणि ज्यांना हत्यारं चालवायचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल तोच घ्यावा. खिडकीचा ब्रश आणि मच्छरदाणी तरीही लागणारच. आमच्या पेटीचा फायदा एवढाच की फिल्टर सुटे, स्वस्त आणि दुरुस्ती आपल्या हातात.

राहिलेली कामं: प्लंबर अजून आलेला नाही, गीझर आतच आहे. पहिल्या पिंजऱ्यातली पानं अर्धी बसली आहेत, जूनच्या आधी उलटी करायची. पावसाळ्यात हवेत ओल असली की हे मीटर उगाच जास्त दाखवतं, तेव्हा त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही. पेटी जूनमध्ये प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर, आणि नवे फिल्टर दिवाळीच्या आधी मागवायचे.